अवघड मजकूर वाचायला आणि त्यावर लिहायला कसं शिकवावं?

अर्धविराम (धागाकर्ता)

पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग. ४० मुलं, आठवड्याला ५० मिनिटांचे तीन तास, हातात सहा आठवडे. नेमलेला मजकूर म्हणजे १४ पानांचा वैचारिक निबंध. गोष्ट नाही, उपशीर्षकं नाहीत, वाक्यं लांबलचक, आणि लेखक दर दोन पानांनी स्वतःचंच म्हणणं खोडून पुढे जातो.

अडचणी अशा:

१. मुलं वाचून येत नाहीत असं नाही. पण पान अख्खं पिवळं केलेलं असतं. महत्त्वाचं काय वाटलं विचारलं की उत्तर "सगळंच".
२. लेखन दोनच जातींचं येतं. एक तर परिच्छेदागणिक सारांश, नाहीतर पहिल्या ओळीत लेखकाचं नाव आणि पुढे पानभर "मला वाटतं".
३. अवतरणं देतात, पण भिंतीवर तसबीर टांगावी तशी. टांगली, पुढे चालू लागले.
४. मी समजावून सांगितलं की कळतं. आणि मग चाळीसही निबंधांत माझंच वाक्य परत येतं. हे सगळ्यात जास्त खटकतं.

वाचनाची गोडी कशी लावावी हा प्रश्न नाही, त्यावर बरेच धागे आहेत. वर्गात नेमकं काय करायचं, एका वेळी किती मजकूर घ्यायचा, लिहायला कुठल्या क्रमाने लावायचं आणि तपासायचं कसं, तेवढं सांगा.

---

समासनोंद

चौथा मुद्दा हे दुखणं आहे, पहिले तीन त्याची लक्षणं. अवघड जागा आली की शिक्षक ती उलगडून देणार हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. मग अडायचं कशाला? म्हणून पहिला आठवडा समजावणं बंद. अवघड जातं, कारण वर्गातली शांतता शिक्षकालाच आधी असह्य होते.

१४ पानं तूर्त बाजूला ठेवा. पहिल्या तासाला एकच परिच्छेद, शंभर शब्दांच्या आतला. बोलणं हवेत राहू नये म्हणून इथल्यापुरता एक रचून देत आहे:

"परंपरा ही जपायची वस्तू आहे, असे सामान्यतः मानले जाते. जपण्याची ही भाषाच मुळात फसवी आहे. कारण जे जपावे लागते ते आधीच आपल्या हातून निसटलेले असते. ज्या समाजात परंपरा जिवंत असते, त्या समाजाला तिचे नाव घ्यावे लागत नाही. परंपरेचा अभिमान हा म्हणूनच तिच्या अस्तित्वाचा पुरावा नव्हे, तिच्या अनुपस्थितीची नोंद आहे."

५० मिनिटांची वाटणी:

पहिली ५ मिनिटं मोठ्याने वाचन, दोनदा, दोन वेगळ्या मुलांकडून. आघात कुठे पडतो ते ऐका. "भाषाच" वर जोर दिला तर तक्रार शब्दांबद्दल आहे; "फसवी" वर दिला तर जपणाऱ्यांबद्दल. न कळता वाचणारा सगळ्या शब्दांना सारखं वजन देतो, ते लगेच कानाला कळतं.

पुढची १० मिनिटं प्रत्येकाने गुपचूप वहीत प्रत्येक वाक्य आपल्या शब्दांत लिहायचं. अट एकच: "परंपरा" सोडून मूळ वाक्यातलं एकही नाम, विशेषण किंवा क्रियापद वापरायचं नाही. ही अट काढली की व्यायाम फुकट गेला, कारण मुलं "फसवी आहे" च्या जागी "फसवी असते" लिहून मोकळी होतात.

नंतर ५ मिनिटं, पेन जिथे अडलं ती जागा अधोरेखित करून समोर प्रश्न. "कळलं नाही" चालणार नाही. "निसटलेले म्हणजे नष्ट झालेलं, की आहे पण आता सवयीचं राहिलेलं नाही?" असा चालेल.

मग १५ मिनिटं जोडीने वह्यांची अदलाबदल. शेवटची १५ मिनिटं फळ्यावर फक्त प्रश्न. उत्तर तुम्ही द्यायचं नाही. फार तर "तिसरं वाक्य पुन्हा वाचा" म्हणायचं.

बिघडतं कुठे? लांब वाक्य फोडताना मुलं पहिल्या शब्दापासून सुरू करतात. मराठीत मुख्य क्रियापद शेवटाला, तिथे पोहोचेपर्यंत कर्ता हरवलेला. म्हणून उलटं: आधी शेवटचं क्रियापद, मग त्याचा कर्ता, मग "जे–ते", "ज्या–त्या", "जरी–तरी" या जोड्यांना गोल करून रेघेने जोडायचं. "ज्या समाजात… त्या समाजाला" जुळलं की वाक्याचे दोन तुकडे आपोआप पडतात. दुसरी निसरडी जागा म्हणजे "हा", "तिचे", "म्हणूनच" असे बोट दाखवणारे शब्द. शेवटच्या वाक्यातलं "म्हणूनच" कुठल्या वाक्याकडे बोट दाखवतं, तिसऱ्या की चौथ्या? यावर वर्गाचे दोन तट पडले तर तास कारणी लागला समजा.

पिवळ्या पानांबद्दल. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात हायलायटर फिरवणं आणि तेच पुन्हा वाचणं या दोन्ही गोष्टी कमी उपयोगाच्या ठरल्या. आठवून स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यासात अंतर ठेवणं या सर्वाधिक उपयोगाच्या. रंगवताना हात चालतो, निवड होत नाही. बंदी घालू नका, रेशन लावा: एका पानाला तीन खुणा, आणि प्रत्येक खुणेसमोर समासात किमान चार शब्द. शब्द सुचत नसतील तर खूण खोडायची.

---

वाकडी_रेघ

वरच्याशी बव्हंशी सहमत, पण एवढ्यावर थांबलात तर मुलं वाक्य फोडण्यात तरबेज होतात आणि परिच्छेद हातचा जातो.

याच परिच्छेदाचं ठराविक उत्तर बघा: "लेखकाच्या मते परंपरा जपली पाहिजे, पण त्याची भाषा फसवी असते." शब्द सगळे कळले आहेत, वाचन मात्र डोक्यावर उभं. कारण पहिलं वाक्य लेखकाचं नाहीच. "असे सामान्यतः मानले जाते" म्हणजे लेखक दुसऱ्याच्या तोंडून बोलतोय, आणि पुढच्याच वाक्यात त्याला आडवा जाणार आहे. वैचारिक मजकुरावरच्या लेखनात याहून सार्वत्रिक आणि याहून महाग चूक नाही. ती शब्दकोशाने सुटत नाही.

उपाय साधा आहे. समासात प्रत्येक वाक्यासमोर एक अक्षर:

ले – लेखक स्वतःचं बोलतोय
वि – ज्याच्याशी वाद आहे त्याचं म्हणणं
स – सवलत. लेखक समोरच्याचं थोडं मान्य करतोय

"वि" ओळखायच्या खुणा: असे मानले जाते, वरवर पाहता, एखादा म्हणेल, तथाकथित, अवतरणचिन्हात टाकलेला एकटा शब्द. "स" च्या खुणा: हे खरे आहे की, यात शंका नाही, निश्चितच. आणि मागोमाग "मात्र", "परंतु", "तरीही". मुलं सर्वात जास्त "स" ला फसतात. सवलतीची ओळ ठाम असते, सोपी असते, उचलून अवतरण द्यायला सोयीची असते. म्हणून निबंधात नेमकी तीच येते, लेखकाचं अंतिम मत म्हणून. तुमचा लेखक स्वतःला खोडत जातो म्हणता. बरीचशी खोडाखोड ही सवलत असणार, तपासून बघा.

हे झालं की १४ पानं घ्या. प्रत्येक परिच्छेदाला दोनच ओळी: काय म्हणतो आणि काय करतो. दुसऱ्या ओळीसाठी क्रियापदांची यादी आधीच द्या, नाहीतर सगळे "सांगतो" लिहितात: मांडतो, खोडतो, व्याख्या बदलतो, उदाहरण देतो, सवलत देतो, आक्षेप ओढवून घेतो, मागे वळतो, व्याप्ती वाढवतो.

नमुन्याला हे वाक्यागणिक लावून बघू. पहिलं वाक्य रूढ मत मांडतं. दुसरं त्या मतातल्या "जपणे" या शब्दालाच हात घालतं आणि तिसरं त्याचं कारण देतं. चौथं तीच गोष्ट उलट्या बाजूने दाखवतं. पाचवं निष्कर्ष काढतं, पण तो काढताना एक नवा शब्द आत आणतं: अभिमान. तोवर अभिमानाचं नावही नव्हतं. "काय म्हणतो" एवढंच लिहिणाऱ्याला ही चाल दिसत नाही. "काय करतो" लिहिणाऱ्याला टोचते, आणि टोचली की लिहायला विषय मिळाला.

४० मुलांचे १० गट करा, प्रत्येक गटाला तीन-चार परिच्छेद. सगळ्यांच्या "करतो" ओळी फळ्यावर एकाखाली एक लिहून फक्त तो रकाना वरून खाली वाचायचा. निबंधाचा सांगाडा दिसतो. जिथे दोन गटांचा सांधा जुळत नाही, तिथे कोणीतरी चुकीचं वाचलंय किंवा लेखकाने उडी मारली आहे. दोन्ही शक्यता वर्गात तपासण्यासारख्या.

---

शाईचा_डाग

एक पुरवणी. लेखकाचं चरित्र, कालखंड, वाद-संप्रदाय यांचं व्याख्यान आधी देऊ नका. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावं झाकून कविता वाचायला दिल्या आणि लेखी प्रतिक्रिया गोळा केल्या; त्यांचं विश्लेषण १९२९ मध्ये प्रसिद्ध झालं. चांगल्या विद्यार्थ्यांनाही कवितेचा साधा, सरळ अर्थ लागत नव्हता, आणि बरेच जण समोरच्या ओळींऐवजी डोक्यात आधीपासून तयार असलेल्या भावनेला उत्तर देत होते. नाव दिसलं की आदर सुरू होतो आणि वाचन थांबतं.

---

वाकडी_रेघ

@शाईचा_डाग, कवितेपुरतं ठीक. वादाच्या मजकुराला नाव झाकणं अंगाशी येतं. सॅम वाइनबर्ग यांचा १९९१ चा अभ्यास आहे: आठ इतिहासकार आणि शाळेच्या शेवटच्या वर्षातले आठ विद्यार्थी, दोघांना एकाच घटनेची कागदपत्रं दिली आणि मनात येईल ते बोलत वाचायला सांगितलं. इतिहासकार मजकुरात शिरण्याआधी हे कोणी, कधी, कशासाठी लिहिलं ते बघत होते. विद्यार्थी पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत सरळ वाचत गेले. कोणी लिहिलं ही त्यांच्या लेखी फक्त एक तळटीप. लेखक कोणाला उत्तर देतोय हे माहीतच नसेल तर "वि" ओळखणार कसा?

---

शाईचा_डाग

मान्य. मग क्रम असा ठेवा: पहिलं वाचन नाव झाकून, दुसऱ्या वाचनाआधी तीन ओळींची चिठ्ठी. कोणी लिहिलं, कोणत्या साली, कोणाला उद्देशून. चौथी ओळ नको. चौथ्या ओळीत हमखास "या लेखात लेखकाने असे दाखवून दिले आहे की" येतं आणि धागाकर्त्याचा मुद्दा क्रमांक ४ पुन्हा उभा.

---

खोडरबर

शब्दार्थांची लांबलचक यादी वाटत असाल तर तीही थांबवा. कोशात मिळणारे शब्द मुलांनी कोशात बघावेत. वर्गाचा वेळ फक्त अशा पाच-सहा शब्दांना द्या जे सोपे दिसतात पण लेखक आपल्या अर्थाने वापरतो. नमुन्यात "अनुपस्थिती" हा अवघड शब्द नाही, "जिवंत" हा आहे. परंपरा जिवंत आहे हे ओळखायचं कशावरून? लेखकाच्या मते, तिचं नाव निघत नाही यावरून. ही व्याख्या कुठल्याही कोशात नाही. अशा प्रत्येक शब्दाला वहीत एक पान द्यायचं: तो कुठल्या ओळीत आला, तिथे अर्थ काय, पुढच्या वेळी तोच राहिला की सरकला. १४ पानांत एखादा तरी शब्द सरकतोच.

---

अर्धविराम

ले-वि-स उद्यापासूनच सुरू करतो. आता लेखनाचं सांगा. वाचताना हे सगळं केलं तरी निबंध लिहायला बसलं की मुलं पुन्हा सारांशावर जातील अशी भीती आहे. आणि ४० जणांचं दर आठवड्याला तपासायचं म्हणजे किती वेळ?

---

जुना_फळा

सारांशावर जातात, कारण निबंध ही वाचन संपल्यावर करायची वेगळी गोष्ट आहे असे त्यांना वाटते. पहिल्या आठवड्यापासून थोडे थोडे लिहून घेतले तर निबंध आयत्या वेळी उभा करावा लागत नाही. सहा आठवड्यांची उतरंड अशी लावता येईल:

पहिला आठवडा: १०० शब्द, लेखकाचे म्हणणे. कसोटी अशी की लेखकाने ते वाचून "हो, हेच म्हणायचे होते" म्हटले पाहिजे. स्वतःचे मत शून्य.

दुसरा: १५० शब्द, अडलेली जागा. कोणती ओळ, का अडली, तिचे कोणते दोन अर्थ संभवतात, आणि मजकुरातला कोणता पुरावा कोणत्या अर्थाकडे झुकतो.

तिसरा: ३०० शब्द, एकाच वाक्यावर. वाक्य विद्यार्थ्यानेच निवडायचे. बहुतेक जण दीडशे शब्दांवर येऊन थांबतात आणि "आता काय लिहू?" विचारतात. खरे काम तिथून सुरू होते. दुसऱ्या दीडशे शब्दांसाठी वाक्याकडे परत जावेच लागते.

चौथा: ८०० शब्दांचा खर्डा. पाचवा: खर्डा मोडणे. सहावा: पक्की प्रत.

आता अवतरणाचे. समासनोंद यांच्याच परिच्छेदावर एक नेहमीचा नमुना:

"परंपरेविषयी लेखकाने अतिशय मार्मिक विचार मांडले आहेत. लेखक म्हणतो, 'जे जपावे लागते ते आधीच आपल्या हातून निसटलेले असते.' हे अगदी खरे आहे. आजच्या काळात आपण आपली परंपरा विसरत चाललो आहोत, ती जपणे ही काळाची गरज आहे."

हीच ती तसबीर. अवतरणानंतरचे "हे अगदी खरे आहे" हे वाक्य काहीच काम करत नाही. पण खरी गंमत शेवटच्या वाक्यात आहे: लेखक ज्या मताला खोडतो, विद्यार्थी थेट त्याच मतावर येऊन बसला आहे, आणि त्याला वाटते की तो दुजोरा देतो आहे. लाल शाईने "विसंगत" लिहून हे सुटत नाही. त्याच्याकडून शेवटच्या वाक्यासमोर ले-वि-स लिहून घ्या. "वि" लिहिताना त्याचे त्यालाच कळेल.

तेच वाक्य घेऊन असे लिहिता येते:

"'जे जपावे लागते ते आधीच आपल्या हातून निसटलेले असते' यातला 'आधीच' हा शब्द महत्त्वाचा आहे. जपल्यामुळे परंपरा जाते असे लेखक म्हणत नाही. ती गेल्यावर जपणे सुरू होते असे म्हणतो. पण शेवटच्या वाक्यात तो 'जपणे' सोडून 'अभिमान' हा शब्द घेतो. जपणारा आणि अभिमान बाळगणारा एकच असतो का? आजारी माणसाची शुश्रूषा करणारा त्याला जपतो. त्याचा अभिमान बाळगतोच असे नाही, आणि तो माणूस निसटलेलाही नसतो. त्यामुळे लेखकाचा निष्कर्ष अभिमानाबद्दल टिकला, तरी जपण्याबद्दल टिकत नाही."

यात "मला वाटते" एकदाही नाही, तरी मत विद्यार्थ्याचेच आहे. अवतरणाचा नियम एवढाच ठेवा: अवतरणानंतरच्या पहिल्या वाक्यात अवतरणातला एक तरी शब्द उचलून त्याच्याशी झटापट झाली पाहिजे. आणि अवतरण जेवढ्या ओळींचे, त्याच्या दुप्पट ओळी त्यावर. चार ओळींचे अवतरण द्यायचे तर आठ ओळी लिहाव्या लागतात म्हटल्यावर अवतरणे आपोआप आखूड होतात.

निबंधाचे मुख्य विधान ठरवताना दोन प्रश्न. मजकूर न वाचलेला माणूस हे विधान लिहू शकेल का? लिहू शकत असेल तर ते बाद ("परंपरा महत्त्वाची आहे"). मजकूर नीट वाचलेला माणूस याला नाही म्हणू शकेल का? म्हणू शकत नसेल तर तो सारांश ("लेखक परंपरेच्या अभिमानावर टीका करतो"). दोन्ही गाळण्यांतून उतरेल ते विधान.

आपल्या शब्दांत मांडण्याबद्दल एक. मुले मूळ वाक्य समोर ठेवून शब्दाला शब्द बदलतात. वाक्याची हाडे लेखकाची, कातडे कोशातले. हे बहुधा चोरीच्या इराद्याने होत नाही, मजकूर पेलत नसल्यामुळे होते. परिच्छेद दोनदा वाचा, पुस्तक मिटा, दहा मिनिटे दुसरे काही करा, मग न बघता लिहा, मग ताडून पाहा. जे गाळले गेले ते बहुतेक वेळा न कळलेलेच असते.

पाचव्या आठवड्यातल्या "मोडणे" या शब्दावर माझा जोर आहे. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये विद्यार्थी आणि मुरलेले लेखक यांच्या पुनर्लेखनाची तुलना प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांच्या लेखी पुनर्लेखन म्हणजे शब्द बदलणे. मुरलेले लेखक आपल्या युक्तिवादाचा आकार शोधत होते. "खर्डा सुधारून आणा" म्हटले की ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त होऊन येते. त्याऐवजी असे सांगा: खर्ड्याचा शेवटचा परिच्छेद कापून सुरुवातीला आणा, बाकीचे त्याच्यापुढे नव्याने लिहा. लिहिता लिहिता कळलेली गोष्ट बहुधा शेवटी येऊन बसलेली असते.

वेळेचा हिशोब: १०० शब्दांना दीड मिनिट, ४० प्रतींचा एक तास. ३०० शब्दांना चार मिनिटे, म्हणजे २ तास ४० मिनिटे. ८०० शब्दांचा खर्डा पूर्ण वाचायला दहा मिनिटे धरली तर ६ तास ४० मिनिटे. ते करू नका. खर्ड्यात फक्त मुख्य विधान आणि विद्यार्थ्याने स्वतः "इथे मी अडलो" म्हणून खूण केलेला एक परिच्छेद वाचा. चार मिनिटांत होते. दर आठवड्याला एकच दोष तपासायचा आणि तो आधी जाहीर करायचा. या आठवड्यात ले-वि-स, तर शुद्धलेखनाला हात लावायचा नाही. शुद्धलेखन फक्त पक्क्या प्रतीत. मराठीच्या शिक्षकाला हे जड जाते, कल्पना आहे.

---

समासनोंद

जुना_फळा यांच्या दुसऱ्या आठवड्याला माझी दोन बोटं जास्त. "अडलेली जागा" लिहायला सांगितली की काही मुलं लुटुपुटूची अडचण आणतात: उत्तर आधीच माहीत असलेली, सुबक. तिथे गुण अडचणीला द्या, उत्तराला नको. शेवटी "अजून उलगडलं नाही" असेल आणि दोन्ही अर्थ पुराव्यासकट मांडले असतील तर पूर्ण गुण. हे वर्गात आधीच जाहीर करा, नाहीतर विश्वास बसत नाही.

---

खोडरबर

गटचर्चा आणि एआयचे तयार सारांश हे दोन विषय राहिले.

गटचर्चेला पालिन्सार आणि ब्राउन यांची १९८४ ची पद्धत बरीच वापरली जाते. चार कामं: सारांश सांगणं, प्रश्न विचारणं, न कळलेलं स्पष्ट करून घेणं, पुढे काय येईल याचा अंदाज. मूळ प्रयोग सातवीतल्या, आकलनात मागे असलेल्या मुलांवर होता. कॉलेजात जशीच्या तशी आणली की तिसऱ्या दिवशी कर्मकांड होतं: "मी प्रश्नवाला, माझा प्रश्न झाला." दोन बदल करा. दर परिच्छेदाला कामं फिरवायची. आणि "अंदाज" च्या जागी "आक्षेप": या परिच्छेदाला सर्वात जोरदार विरोध कोण करेल आणि काय म्हणेल. गट चौघांचाच. सहा झाले की दोघं प्रेक्षक.

तयार सारांश मुलं आणणारच, तर त्यांनाच कामाला लावा. वर्गात दोन सारांश वाटा, प्रत्येकी सहा वाक्यांचे. एकात "स" ची ओळ लेखकाचं मत म्हणून घुसवलेली, दुसऱ्यात "काही वेळा" चं "नेहमी" केलेलं. १५ मिनिटांत चूक शोधायची आणि मूळ ओळ क्रमांकासह दाखवायची. सारांश गुळगुळीत असतो, त्यात वाचणाऱ्याला अडायला जागाच नसते, हे सांगण्यापेक्षा असं दाखवलं की पटतं. बाकी आठवडा १ ते ३ चं लेखन तासातच, हाताने. तिसऱ्या आठवड्याचे ३०० शब्द सलग दोन तासांत विभागले तरी चालतील.

---

अर्धविराम

शेवटचा प्रश्न. ज्यांना पहिल्या दहा मिनिटांत सगळं कळतं अशी चार-पाच मुलं असतात. ती कंटाळतात, आणि मग बाकीच्यांना उत्तरं पुरवतात.

---

वाकडी_रेघ

त्यांना "कळलं" म्हणजे बहुधा निष्कर्ष कळलेला असतो. त्यांना उलट काम द्या: ज्या मताशी ते असहमत आहेत त्याची लेखकाहून बळकट बाजू १५० शब्दांत मांडायची. नमुन्यातल्या लेखकाला खोडणं सोपं आहे, "जप" वादी मंडळींच्या वतीने तितकंच घट्ट लिहिणं नाही. आणि उत्तरं पुरवायला मनाई नाही, फक्त उत्तर ओळ क्रमांकाने द्यायचं, वाक्याने नाही.

---

समासनोंद

त्यावरून आठवलं. या सगळ्याआधी मजकुराच्या प्रती नीट करून घ्या. दर पाचव्या ओळीला क्रमांक, उजवीकडे किमान पाच सेंटीमीटर समास, दोन ओळींत दीडपट अंतर, कागद एका बाजूने छापलेला. १४ पानांची २० पानं होतील, होऊ द्यात. मोबाइलवरच्या पीडीएफवर ले-वि-स लिहिता येत नाही, आणि ओळींना क्रमांक नसले की अर्धा तास "वरून तिसरा परिच्छेद, नाही नाही, त्याच्या खालचा" यात जातो.